थर्मलकाका

थर्मलकाकांकडे थर्मल नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत नवा आलेला माणूस हे नाव ऐकून हौसेनं त्यांच्या घरी जातो, ‘जरा बघायला मिळेल का’ म्हणतो, आणि काकू तिसऱ्यांदा चहा टाकायला उठतात तेव्हा त्याच्या ध्यानात येतं की इथे बघायला काही नाही, ऐकायलाच आहे.

रायफल मात्र आहे. थ्री-ओ-एट, बोल्ट अ‍ॅक्शन, वर तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा दिवसाचा साधा स्कोप. काका मूळ डोंबिवलीचे. तिथे असेपर्यंत त्यांनी बंदूक पाहिली ती बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या रखवालदाराच्या मांडीवर. पुढे इन्स्ट्रुमेंटेशनचं शिक्षण, टेक्ससच्या रिफायनऱ्या, पाइपांतलं तापमान मोजण्यात गेलेली नोकरी, मुलं मार्गाला, घराचं कर्ज फिटलेलं. निवृत्तीनंतर आमच्यातले काही गोल्फकडे वळतात, काही गीतेकडे. काका डुकरांकडे वळले.

निमित्त झाले ब्रॅझोस नदीकाठचे एक रँचवाले आजोबा, काकांच्या जुन्या फोरमनचे सासरे. रात्री डुकरांची टोळी त्यांच्या कुरणात शिरते आणि सकाळपर्यंत नाकानं सगळं कुरण उकरून ठेवते. मग गवत कापायचं यंत्र त्या खड्ड्यांतून आदळत चालतं. आजोबांनी काकांना सांगितलं, ‘मिस्टर काका, बंदूक आहे ना तुमच्याकडे? मग या कुठल्याही शनिवारी.’ (आमची पोरं ‘काका’ म्हणताना ऐकून त्यांनी ते आडनाव धरलं. काकांनी ते दुरुस्त केलं नाही.) काका म्हणाले, ‘येतो. फक्त दुर्बिणीचं तेवढं ठरवतो.’ या गोष्टीला बरेच शनिवार झाले.

डुकरांविषयी काकांना काय ठाऊक नाही! टेक्ससमध्ये डुक्कर आणलं स्पॅनिश लोकांनी. ते सुटलं, रानात माजलं. १९३० च्या दशकात शिकारीच्या शौकिनांनी त्यात युरोपातला खरा रानडुक्कर आणून सोडला, आणि दोघांचं जमलं. आता राज्यात पंचवीस लाखांवर डुकरं असावीत असा अंदाज आहे. डुकरीण पोटुशी राहिल्यापासून तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांत विते, हे काका बोटांवर मोजून दाखवतात. डुकरांची संख्या नुसती आहे तिथे ठेवायची तरी दर वर्षी शंभरातली सहासष्ट मारावी लागतात, असं इथले जाणकार सांगतात. म्हणून सरकारनंही हात सैल सोडला आहे. २०११ पासून हेलिकॉप्टरमधून डुक्कर मारता येतं, २०१७ पासून गरम हवेच्या फुग्यातूनही. २०१९ पासून जमीनमालकाची परवानगी असली की खासगी जागेत डुकरासाठी शिकारीचं लायसन्सही लागत नाही. हे सांगून झालं की काका थांबतात आणि समोर एच-वन-बीवाला पोरगा बसला असेल तर त्याच्याकडे बोट करतात. ‘तू मात्र लायसन्स काढ. डुकराला लागत नाही, तुला लागतं. तुझ्या व्हिसावर हातात बंदूक धरायची तर खिशात शिकारीचं लायसन्स हवं. फेडरल कायदा आहे.’ पोरगा बिचारा नुसता दिवाळीच्या फराळाला आलेला असतो.

एवढं ज्ञान, एवढी डुकरं, एवढा ढिला कायदा. मग अडलंय कुठे? अडलंय ते क्लिप-ऑन की डेडिकेटेड, इथे.

ज्यांनी काकांचा चहा घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डुक्कर चालतं रात्री, म्हणून अंधारात त्याच्या अंगाची उष्णता पकडणारं यंत्र हवं. ते दोन तऱ्हांनी मिळतं. डेडिकेटेड म्हणजे अख्खा थर्मल स्कोप: दिवसाचा स्कोप उतरवायचा, हा चढवायचा, नेम धरायची खूण त्याच्याच पडद्यावर, आणि बंदुकीशी त्याचं झीरो नव्यानं जुळवायचं, म्हणजे खूण जिथे तिथेच गोळी लागेल असं करायचं. क्लिप-ऑन म्हणजे दिवसाचा स्कोप जागचा हलवायचाच नाही. त्याच्या पुढच्या तोंडावर थर्मल अडकवायचं. थर्मलच्या छोट्या पडद्यावरचं चित्र दिवसाच्या स्कोपमधून पाहायचं. झीरो जुनंच, खूण जुनीच, डोळ्याची सवय जुनीच. सकाळी काढून ठेवलं की बंदूक पूर्ववत.

‘मग क्लिप-ऑनच घ्या की,’ असं तुम्ही म्हणालात तर तुम्ही गेलात. काका पुढे सरसावतात. ‘अरे, तो पडदा केवढा? त्याला तू दिवसाच्या स्कोपनं मोठं करणार. चार-पाच पटीच्या पुढे गेलास की डुक्कर दिसत नाही, चौकटी दिसतात. माझा स्कोप नऊपर्यंत जातो, ते नऊ मी काय करू? शिवाय अर्धा किलो वजन पुढे नळीकडे. आणि त्याच पैशात डेडिकेटेडमध्ये याहून सरस चित्र मिळतं.’ तुम्ही शहाणपणानं म्हणता, ‘मग डेडिकेटेड.’ काका खुर्चीत मागे रेलतात. ‘आणि दिवसभर ते काय करणार?’

या प्रश्नाचं मूळ डोंबिवलीत आहे, आणि ते कळल्याशिवाय काका कळायचे नाहीत. दोन खोल्यांच्या घरात वडिलांनी हप्त्यावर सोफा-कम-बेड आणला होता. बसलं की मांडीखाली लोखंडी दांडा यायचा, निजलं की कमरेखाली फट. पाहुणे बसले की घरच्यांना निजता येत नसे आणि घरचे निजले की पाहुण्यांना उठता येत नसे. वडील अखेरपर्यंत अभिमानानं सांगत, ‘एकात दोन आहे.’ काका म्हणतात, ‘एकात एकही नव्हतं.’ क्लिप-ऑनचं चित्र समोर आलं की काकांच्या कमरेत अजून ती फट उघडते. पण त्याच वडिलांचं रक्त असल्यामुळे, रात्रीपुरती कामाला येणारी आणि दिवसा पेटीत पडून राहणारी महागडी वस्तू विकत घ्यायलाही हात धजत नाही.

काकांना पैशाचं दुःख नाही. थर्मलला दोन-चार हजार डॉलर सहज लागतात, आणि काकांकडे ते आहेत. त्यांनी मुलीच्या लग्नात हॉलच्या फुलांवर याहून जास्त खर्च केला आणि हूं की चूं केलं नाही. त्यांना भीती आहे ती फसण्याची. आपल्याकडच्या मध्यमवर्गी माणसाला चोर लुटून गेला तर तो चारचौघांत सांगतो. दुकानदारानं पन्नास रुपये जास्त घेतले तर बायकोलाही सांगत नाही. काका त्या जातीचे शिरोमणी. कुणी काही विकत घेतलं असं कळलं की त्यांचा पहिला प्रश्न, ‘केवढ्याला पडलं?’ आणि उत्तर काहीही आलं तरी दुसरा उद्गार, ‘अरेरे.’ थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी त्यांनी एक क्लिप-ऑन ऑनलाइन टोपलीत घातला होता. रात्रभर तो टोपलीत राहिला. पहाटे उठून काकांनी तो काढला, कारण एवढी सूट देतायत म्हणजे नवीन मॉडेल येत असणार. नवीन मॉडेल आलं. ते घेतलं नाही, कारण नवीन मॉडेलच्या पहिल्या लॉटमध्ये खोडी असतात.

न फसण्यासाठी अभ्यास लागतो, आणि काकांचा अभ्यास खोटा नाही, हे कबूल केलं पाहिजे. साध्या काचेतून ही उष्णतेची किरणं जात नाहीत, म्हणून थर्मलची भिंगं जर्मेनियमची करतात, आणि म्हणूनच ती महाग. चीननं २०२३ च्या ऑगस्टपासून जर्मेनियमच्या निर्यातीवर परवाना लावला तेव्हा बाकीचं जग चिप्सची काळजी करत होतं. आमच्या ओळखीत एकट्या काकांनी डुकरांची केली. सेन्सर रुंदीत ३८४ ठिपक्यांचा की ६४० चा, एकेक ठिपका बारा मायक्रॉनचा की सतराचा, चित्र सेकंदाला पन्नासदा बदलतं की नऊदा, हे ते भाजी निवडता निवडता सांगतात. (काकू त्यांना मेथी निवडायला बसवतात. तेवढी एकच निवड त्या घरात वेळेवर पुरी होते.)

जाहिरातींवर त्यांचा विशेष दात. खोक्यावर लिहिलेलं असतं, अठराशे मीटरवरून माणूस दिसतो. काका विचारतात, ‘दिसतो म्हणजे काय?’ जॉन्सन नावाच्या अमेरिकन लष्करी शास्त्रज्ञानं १९५८ साली याचे टप्पे बांधून दिले आहेत. काहीतरी आहे, एवढं कळणं पहिलं. ते जनावर आहे की वाहन, हे त्यापुढचं. आणि नेमकं कोण, हे सर्वांत शेवटचं. खोक्यावरचा आकडा पहिल्या टप्प्याचा. ‘अठराशे मीटरवर तुला एक पांढरा ठिपका दिसणार. तो ठिपका डुक्कर आहे, आजोबांचं वासरू आहे का खुद्द आजोबा, ते जवळ गेल्यावर.’ त्यातून डुक्कर चिखलात लोळून आलं असेल तर गार चिखलामागे अर्धं लपतं. आणि संध्याकाळी अशी एक वेळ येते की तापलेली जमीन आणि भोवतालचा झाडझाडोरा एकाच तापमानाला येतात आणि सगळं चित्र सपाट होतं. काका हे सांगत असताना काकू म्हणाल्या, ‘यांचं सगळं आयुष्य त्याच वेळेवर थांबलंय.’ काकांनी ते तांत्रिक अंगानं घेतलं आणि आणखी दहा मिनिटं समजावलं.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्याचा प्रश्न काका चार मिनिटांत सोडवतात. आमच्यातला एक दातांचा डॉक्टर त्यांच्याकडे आला. काकांनी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. बंदूक दिवसा काय करते? रात्री किती वेळा जाणार? किती लांबून मारणार? डॉक्टरकडे भारी दिवसाचा स्कोप होता. नोव्हेंबरात तो हरणाला जातो, आणि हरिण रात्री मारायला बंदी, म्हणजे बंदूक मुख्यतः दिवसाचीच. डुकरांना वर्षातून दोन-तीनदा, तेही शे-दीडशे यार्डांवरून. ‘क्लिप-ऑन,’ काका म्हणाले. ‘हरणाचं झीरो मोडू नकोस. उद्या दुसरी बंदूक घेतलीस तर तिच्यावरही हेच चढव, एक गोळी झाडून खात्री करून घे, संपलं.’ नंतर एक नागपूरकर आला, तेलकंपनीतला. त्यानं रानाचा तुकडा शिकारीसाठी भाड्यानं घेतलेला, एक एआर रायफल फक्त डुकरांसाठी ठेवलेली, दर पंधरवड्याला रात्रीची खेप. ‘डेडिकेटेड. ती बंदूक दिवस बघतच नाही, तर दिवसाचा स्कोप हवा कशाला?’ दोघांनीही सांगितलं ते घेतलं, दोघंही खूश आहेत, दोघांच्याही फ्रीजरमध्ये डुक्कर आहे.

मी काकांना तेच तीन प्रश्न विचारून पाहिले.

‘काका, तुमची बंदूक दिवसा काय करते?’

‘कपाटात असते.’

‘रात्री?’

‘तेव्हाही कपाटातच. पण तसं नसतं रे ते. उद्याचा विचार करावा लागतो.’

काकांचा उद्या फार मोठा आहे. उद्या कोलोरॅडोला एल्कला जावंसं वाटलं तर? एल्क रात्री मारताच येत नाही, म्हणजे दिवसाचा स्कोप राहिला पाहिजे, म्हणजे क्लिप-ऑन. (काका कोलोरॅडोला एकदा गेलेत, नातवंडांबरोबर, आणि उंचीमुळे डोकं दुखून हॉटेलात झोपून होते.) उद्या जर्मनीतल्या भाचीकडे गेलो आणि तिथे कुणी शिकारीला चल म्हणालं तर? जर्मनीत २०२० साली कायदा बदलून शिकाऱ्यांना स्कोपपुढे अडकवायचं यंत्र वापरू दिलं, पण स्वतःची नेमाची खूण असलेला डेडिकेटेड थर्मल तिथे अजून निषिद्ध. म्हणजे पुन्हा क्लिप-ऑन. ही माहिती कळली तेव्हा काका दोन दिवस हळवे झाले होते. ‘काय सुखी देश आहे बघ. निवडच ठेवली नाही. माणूस घेतो आणि रानात जातो.’

आणि उद्या स्कोप गुहागरला नेला तर? तिथे चुलतभाऊ आहे. त्याच्या सुरणाला आणि भाताला रानडुकरांनी सळो की पळो करून सोडलंय, आणि तो रात्री माचावर बसून पत्र्याचा डबा बडवतो. काकांचा जीव तुटतो. पण अमेरिकेतून थर्मल स्कोप परवान्याशिवाय देशाबाहेर काढता येत नाही. तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्या मर्जीनं शिकार करता येत नाही. तेव्हा तिथे क्लिप-ऑनही नाही आणि डेडिकेटेडही नाही. हे काकांनी भावाला फोनवर सविस्तर समजावून सांगितलं. भावानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘बरं, डबा मात्र जाड पत्र्याचा बघ मिळाला तर.’

मध्यंतरी या दोन पक्षांत तिसरा शिरला. सुरक्षिततेच्या बाबतीत काका कर्मठ आहेत, आणि इथे मी त्यांच्या पूर्ण बाजूचा आहे. रात्री रान चाचपायला स्कोप वापरायचा नाही. स्कोप जिकडे बघतो तिकडे नळीही बघते. आजोबांचा नातू कुंपणाशी उभा असेल तर तो आपल्याला बंदुकीतून दिसता कामा नये. तेव्हा आधी हातातला थर्मल मोनोक्युलर घ्यायचा, त्यानं शोधायचं, डुक्करच आहे याची खात्री करायची, मग बंदूक उचलायची. म्हणजे काहीही घेतलं तरी मोनोक्युलर वेगळा लागणारच. काही क्लिप-ऑनना मागे डोळ्याचं भिंग लावून त्यांचाच मोनोक्युलर करता येतो, हे वाचल्यावर तर काकांना घाम फुटला. एकात तीन! सोफा-कम-बेड-कम-डायनिंग टेबल!

रँचवाले आजोबा हे सगळं शांतपणे बघत होते. त्यांनी दरम्यान एक मोठा पिंजरा बसवला. गोल कुंपण, आत मका, दारावर कॅमेरा. टोळी पूर्ण आत आली की आजोबा बिछान्यात पडल्या पडल्या फोनवरचं बटण दाबतात आणि दार पडतं. बंदुकीनं एखाददुसरं मरतं, बाकीची शहाणी होऊन पांगतात. पिंजऱ्यात अख्खं कुटुंब सापडतं. तरी पिंजऱ्याला न फसणारी काही बेरकी डुकरं उरतातच, आणि आजोबा म्हणाले, ‘ती तुमच्यासाठी ठेवली आहेत, मिस्टर काका. स्वभाव जुळेल.’

मग गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी काकांनी मला फोटो पाठवला. कुरणात दोन डुकरं आडवी, मागे काका, डोक्यावर हेडलाइट, चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही न दिसलेला आनंद. मी ताबडतोब घरी गेलो.

‘घेतलंत शेवटी! कुठलं?’

‘घेतलं नाही. आणलं होतं.’

हळूहळू उलगडा झाला. क्लिप-ऑन स्कोपवर बसवायला एक कडी लागते, आणि कडीचं माप स्कोपच्या काचेवरून नव्हे तर बाहेरच्या घेरावरून घ्यायचं असतं. डॉक्टरचा स्कोप पन्नास मिलिमीटरचा. काकांनी त्याला खरेदीच्या वेळीच सांगितलं होतं, ‘एक लहान कडीही घेऊन ठेव. लागते.’ ती लहान कडी काकांच्या चाळीस मिलिमीटरच्या स्कोपवर तंतोतंत बसते. डॉक्टरला ती आजवर कधी लागलेली नाही. नागपूरकराच्या डेडिकेटेडमध्ये वेगवेगळ्या बंदुकांची झीरो साठवून ठेवायची सोय आहे. पहिल्या कप्प्यात त्याची एआर. दुसरा कप्पा मी स्वतः उघडून पाहिला. त्यावर इंग्रजीत चार अक्षरं आहेत: काका.

‘म्हणजे एक शनिवार क्लिप-ऑन, एक शनिवार डेडिकेटेड,’ काका म्हणाले. ‘दोन्हीत कुठे फसवणूक आहे ते आता स्वतः वापरून समजतंय. आणि उद्या नवीन मॉडेल आलं तर ते विकतील, आपल्याला काय?’

‘पण काका, मोनोक्युलर?’

‘तेच म्हणतोय,’ काका माझ्याकडे वळले. काकूंनी चहा आणून ठेवला. ‘तू अजून काहीच घेतलं नाहीस ना?’

‘मी शिकार करत नाही, काका.’

‘शिकारीचा काय संबंध! तुझ्या परसात रात्री कोयोटी येतो म्हणत होतास. घरातली हवा कुठून गळते ते दिसतं, हीटरचं बिल कमी येतं. फक्त खिडकीच्या काचेतून बघू नकोस, काचेत तूच दिसशील. नीट ऐक, तुला म्हणून सांगतो. ६४० चा घे. ३८४ घेतलास तर फसशील.’